थांबणारं द्राक्ष

आमच्या घरात आजवर दारूचा थेंब आलेला नाही. तरीही दोन वर्षं आमच्या घरात भांडण एकाच गोष्टीवरून होत होतं: पांढऱ्या वाइनसाठी द्राक्ष लावायचं तर कोणतं, सॉव्हिन्यॉन ब्लाँ की शेनिन ब्लाँ. सकाळच्या चहाला तेच, दुपारच्या भाकरीला तेच. भांडणारे आम्ही तिघं. सासरे, ज्यांना मी मामा म्हणते; धाकटे दीर, म्हणजे भाऊजी; आणि मी. नवरा नोकरीला मुरूम गावी असतो. तो शनिवारी यायचा, दोन्ही बाजू ऐकून दोघांनाही बरोबर म्हणायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं निघून जायचा. त्यामुळे त्याला मी यात धरत नाही.

भांडण मी जिंकलं, हे आधीच सांगून टाकते. ते शेवटपर्यंत पोटात ठेवण्याइतका माझा स्वभाव गरीब नाही.

तुळजापूरपासून बसनं अर्ध्या तासावर आमचं गाव. आमचं खालचं रान काळं, पाण्याचं. तिथं सोनाका चांगली येते, लांब मण्याचं खायचं द्राक्ष. वरचं दोन एकर मात्र नुसता मुरूम. तिथंही सोनाकाच होती, पण काही केल्या मणी फुगायचा नाही. व्यापारी यायचा, वरच्या रानातला घड उचलून बघायचा, सोडून द्यायचा आणि खालच्या रानाकडं चालू लागायचा. वरचा माल दरवर्षी बेदाण्याला जायचा. मग कुठल्याशा शेतकरी मेळाव्यात मामांना कोणी तरी सांगितलं की वाइनवाल्यांना लहानच मणी लागतो, मुरमाड जमिनीतला तर आणखी चांगला. मामा घरी आले ते हसतच. इतकी वर्षं ज्या रानाला नावं ठेवली, तेच कोणाला तरी पाहिजे होतं.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मला आंबट लागतं. लहानपणी तेरला माहेरी असताना चिंच, कवठ, हिरवी बोरं, जे मिळेल ते मी मिठाला लावून खायचे. अंबाडीची भाजी मी अजूनही भाकरीपेक्षा जास्त वाढून घेते. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मी कैरी खाताना दिसले की गल्लीतल्या बायका एकमेकींकडं बघून भलतंच समजायच्या, आणि महिने उलटले तरी काहीच नाही म्हटल्यावर त्याच माझ्यावर चिडायच्या. द्राक्षाच्या घरात आंबट खाणारी सून म्हणजे चेष्टेचाच विषय. आमच्याकडं द्राक्षाला एकच प्रश्न विचारतात, गोड आहे का. मी ज्या घडावरून खूश व्हायचे तो तोडायला अजून वेळ आहे, असं घरातले समजायचे.

वाइनचा कारखाना आमच्यापासून तीन तासांवर. आम्ही तिघं जीपनं गेलो. तिथं द्राक्षांचं काम बघणाऱ्या एक मॅडम होत्या, वयानं माझ्याएवढ्याच, उन्हानं रापलेल्या. त्यांनी आधी बाग दाखवली, मग आत नेऊन टेबलावर दोन-दोन पेले ठेवले. मामा तोवर बाहेर झाडाखाली जाऊन बसले होते. जाताना त्यांनी मला डोळ्यांनीच बाहेर बोलावलं होतं. मी गेले नाही. मीठ बघितल्याशिवाय मी आमटी पानात वाढत नाही, तर जे आयुष्यभर पिकवायचं ते न चाखता कसं ठरवायचं? भाऊजींनी दोन्ही पेले औषध प्यावं तसे एका दमात संपवले आणि दोन्ही सारखेच आहेत असं जाहीर केलं.

सारखे मुळीच नव्हते. पहिली सॉव्हिन्यॉन. पेला नाकाशी नेला आणि मी चमकलेच. कैरी फोडताना येतो तो वास, आणि त्यात हिरव्या मिरचीचा देठ मोडल्यावर येतो तसं काही तरी. घोट घेतला तर जिभेच्या कडा आवळल्या. दुसरी शेनिन. तिला वास बेताचाच. जरा वेळानं लिंबू कळलं, मग अर्धवट पिकलेला पेरू, आणि सगळं गिळून झाल्यावर मधाचा पुसटसा भास. आंबटपणा पहिलीपेक्षा कमी नव्हता, पण तो सावकाश यायचा. मला सॉव्हिन्यॉन जास्त आवडली. ते मी तिथंच मोकळेपणानं सांगितलं, आणि पुढं दोन वर्षं भाऊजींनी ते माझ्याचविरुद्ध वापरलं.

मी मॅडमना विचारलं की ही दोन्ही बिघडतात कशानं. त्यांना हा प्रश्न आवडला असावा, कारण त्या खुर्ची ओढून बसल्या. सॉव्हिन्यॉन लवकर तयार होते, पण तयार झाली की थांबत नाही, म्हणाल्या. ऊन चढलं की चार-पाच दिवसांत तिचा वासही जातो आणि आंबटपणाही. उरते ती नुसती साखर. शेनिन आठवड्याभरानं मागून येते, माल जास्त देते आणि वेलीवर थोडी कळ काढते. भाव मात्र सॉव्हिन्यॉनला जास्त. एवढ्या सगळ्यातलं भाऊजींनी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

येताना जीपमध्ये मी शेनिनच लावू म्हणत राहिले, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तुमालाच आवडली की ती. मग आता कशाला शेनिन-शेनिन करायलाव?"

"पेल्यात आवडली," मी म्हटलं. "मला पेल्यात शेती करायची न्हाय."

माझं म्हणणं सोपं होतं. कारखाना लांब, रस्ता तसला, गाडी दुसऱ्याची. ज्या द्राक्षाला चार दिवस धीर नाही ते आमच्या गावाला लावून काय करायचं? भाऊजींचं म्हणणंही सोपं होतं. गाडीची काळजी कारखान्याची, आपण चांगला भाव बघायचा. मामा कधी इकडं झुकायचे, कधी तिकडं. खरं सांगायचं तर ते बहुतेक वेळा तिकडंच झुकायचे, कारण भाऊजी बागेतले जाणते म्हणून पंचक्रोशीत ओळखले जात आणि मी बागेत राबणारी म्हणून. दोन्हींत फरक आहे. लग्न होऊन आल्यापासून मी या वेलींची विरळणी केली, त्या बांधल्या, घड कापले, पेट्या भरल्या. पण पाणी कधी सोडायचं, औषध कोणतं मारायचं, छाटणी कधी धरायची हे मला कोणी एकदाही विचारलं नव्हतं. मला विचारायचे ते जेवायला किती माणसं आहेत एवढंच.

शेवटी एका संध्याकाळी ओट्यावर मामांनी निकाल दिला. वरच्या रानाच्या कडेला चार ओळी सॉव्हिन्यॉनच्या, चार ओळी शेनिनच्या. बाकीची सोनाका तूर्त तशीच. ज्याची जात कारखान्यात खरी ठरेल, ती पुढं सगळ्या वरच्या रानात भरायची.

"आन् जो जिंकंल, वरचं रान त्येच्या हातात," मामा म्हणाले. "पानी, फवारनी, मानसं, समदं. मी मधी बोलनार न्हाय."

भाऊजी हसले. त्यांच्या हातात खालचं रान होतंच. वरचं गेलं असतं तरी त्यांचं काही अडत नव्हतं. माझ्या हातात आयुष्यात पहिल्यांदा काही तरी येणार होतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी मी वर जाऊन त्या आठ ओळींची जागा पायांनी मोजून आले.

वेली वाढल्या, तारांवर चढल्या, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पहिला माल धरला. घड इवलेसे, मुठीत मावणारे, आणि मणी ज्वारीपेक्षा थोडे मोठे. येणारे-जाणारे बांधावर थांबायचे. कोणी विचारायचं की ही द्राक्षं आहेत का मुगाचे दाणे. कोणी म्हणायचं, पाणी कमी पडलंय. मी आपल्या वेली बांधत राहायचे. भाऊजींना मात्र ते झोंबायचं. ज्या माणसाची सोनाका बघायला लोक सोलापूरहून येतात, त्याच्याच बांधावर उभं राहून लोकांनी मुगाचे दाणे म्हणावं, हे त्यांना सहन होईना.

आणि मग त्यांनी ते केलं, जे आमच्याच भागातला माणूस करू शकतो.

खायच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून आम्ही घड जीएच्या पाण्यात बुडवतो. जीए म्हणजे मणी वाढवायचं औषध. एका हातात डबा धरून घडामागून घड बुडवत जायचं, दिवसभर. आमच्याकडं लहान मणी दिसला की हात आपोआप त्या डब्याकडं जातो. मी चुलतबहिणीच्या लग्नाला तेरला गेले होते. खाली सोनाकाचे घड बुडवायचं काम चालू होतं. संध्याकाळी थोडं पाणी उरलं, ते भाऊजींनी बायकांबरोबर वर पाठवलं आणि स्वतः उभं राहून सॉव्हिन्यॉनच्या तीन ओळी बुडवून घेतल्या. चौथीपर्यंत पाणी पुरलं नाही. माझ्या शेनिनला त्यांनी हात लावला नाही. माझं नुकसान होऊ नये म्हणून नाही, तर माझा मणी त्यांच्यापेक्षा लहान दिसावा म्हणून. हे त्यांनीच नंतर हसत सांगितलं.

मी लग्नाहून परत आले तेव्हा काही दिसलं नाही. पंधरवड्यानं दिसलं. मणी फुगले होते, चांगले गरगरीत. पण हा घड मुळातच दाट. सोनाकाचा आम्ही विरळ करतो, याचा कोणी केला नव्हता. फुगलेल्या मण्यांना जागाच नव्हती. ते एकमेकांना रेटायला लागले, मधले चिरले, रस गळायला लागला, आणि मग आत कूज. मधमाश्या आणि गांधीलमाश्या घोंगावायला लागल्या. मॅडम बघायला आल्या तेव्हा त्यांनी एक घड हातात घेतला, मधोमध फोडला आणि भाऊजींना विचारलं की याला काही लावलंय का. भाऊजींनी सांगून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत. या तीन ओळी आम्हाला नकोत, एवढंच म्हणाल्या.

मामांनी तिथंच हात झटकले. झालं, म्हणाले, निकाल लागला, ही जिंकली.

खरं म्हणजे मी आनंदानं उडी मारायला पाहिजे होती. पण माझं डोकं तापलं. मामा इतक्या सहज बोलले की जणू काही माझ्या चार ओळी तिथं नव्हत्याच. मी जिंकले नव्हते, भाऊजी पडले होते. आणि मला आमचं गाव माहीत आहे. पुढं जन्मभर लोक म्हणाले असते, जीएनं घात केला, नाही तर सून कुठली जिंकायला.

"मला असलं जिंकणं नको, मामा," मी म्हटलं. "त्यांची एक ओळ चांगली हाय. माझी पन एकच ओळ धरा. एकीला एक."

 मी मोठ्या मनानं हे केलं, असं भाऊजींना वाटलं असावं. तसं काही नव्हतं. मला त्यांना हरवायचं होतं, पण नीट हरवायचं होतं.

तोडणीच्या आधी आणखी एक अडचण उभी राहिली. आमच्या घरात पहिला घड तुळजापूरला देवीपुढं ठेवल्याशिवाय कात्री लावत नाहीत. मामा दरवर्षी स्वतः घेऊन जातात. यंदा ते टाळायला लागले. आज गुडघा दुखतोय, उद्या बसला गर्दी असेल. मी विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं. दारूची द्राक्षं देवीला कशी न्यायची, हे त्यांच्या मनाला खात होतं.

"दारू ते करत्यात, मामा," मी म्हटलं. "आपन द्राक्षं लावल्यात. देवी काय कारखान्यात जाऊन बघनार हाय का?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून त्यांनी दोन्ही ओळींतला एकेक घड स्वतः तोडला, धुतला, पांढऱ्या कापडात बांधला आणि पहिल्या बसनं गेले. संध्याकाळी आले ते कपाळावर कुंकू घेऊन आणि बरेच मोकळे होऊन. देवीनं दोन्हींतली कोणती पसंत केली, असं भाऊजींनी विचारलं. त्यावर मामांनी त्यांना जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ठरलं होतं असं: फेब्रुवारीच्या मध्यावर सॉव्हिन्यॉनची गाडी यायची, आठवड्यानं शेनिनची. आमचा माल थोडा, त्यामुळे नळदुर्गकडच्या एका मोठ्या बागायतदाराच्या गाडीत तो चढवायचा होता. सॉव्हिन्यॉन ठरल्या दिवशी तयार झाली. मीही एक मणी तोंडात टाकला आणि मनातल्या मनात घाबरले. तोच कैरीचा वास, तीच जीभ आवळणारी चव. भाऊजींनी माणसं सांगून ठेवली, क्रेट धुऊन उन्हात वाळत घातले. सकाळी फोन आला. कारखान्यात टाक्या रिकाम्या नाहीत, दोन दिवस थांबा.

दोन दिवसांनी पुन्हा तोच फोन. मग नळदुर्गची गाडीच बिघडली. मग मॅडम म्हणाल्या की आता शेनिनबरोबरच न्यावं लागेल. त्याच आठवड्यात ऊन चढलं. आमच्याकडं ते एकदम चढतं. काल सकाळी शाल लागत होती आणि आज दुपारी पत्र्याकडं बघवत नाही. भाऊजी दिवसातून दहा वेळा रस्त्यापर्यंत जाऊन यायचे. फोनवर आधी विनवायचे, मग आवाज चढवायचे, मग परत विनवायचे. मला त्यांची कीव यायला लागली, आणि त्याचा रागही आला, कारण कीव करत जिंकण्यात मजा नसते.

मी रोज सकाळी दोन्ही ओळींत जाऊन एकेक मणी खायचे. सॉव्हिन्यॉन दिवसागणिक उतरत गेली. आधी कैरीचा वास गेला. मग मिरचीचा गेला. मग जिभेच्या कडांना काही कळेनासं झालं. मणी मऊ पडला आणि गोड, नुसता गोड, साखरपाण्यासारखा. भाऊजी तोच मणी खाऊन खूश व्हायचे, बघा काय साखर उतरलीय म्हणायचे. त्यांची जीभ सोनाकाची. तिला जे शिकवलं होतं तेच ती सांगत होती.

पण शेनिनचीही तारीख आली आणि उलटून गेली. गाडीचा पत्ता नाही. आता माझी पाळी होती. एका सकाळी मी मणी खाल्ला. सपक. आंबट काही नाही, नुसतं पाणी. मी तिथंच बांधावर बसले. मनात आलं, संपलं, वरचं रानही गेलं आणि बोलायचं तोंडही गेलं. मग आठवलं की घरातून निघताना मी चिंच तोंडात टाकली होती आणि वाटभर ती चघळत आले होते. उठले, पाइपाच्या पाण्यानं चांगली चूळ भरली, चार ओंजळी पाणी प्याले आणि पुन्हा एक मणी चावला. उजवा डोळा आपोआप मिटला. माझा आंबटाला तो मिटतोच. मी एकटीच हसले आणि त्या दिवसापासून बागेत जाऊन येईपर्यंत चिंच सोडली.

गाडी आली तेव्हा दुपार भरात होती. गाडीबरोबर मॅडमही आल्या होत्या. ओशाळल्या होत्या, पण कामाला लगेच लागल्या. कडुनिंबाच्या सावलीत खाट टाकून दिली. त्यांनी दोन्ही ओळींतून मणी गोळा केले, दोन पिशव्यांत वेगवेगळे कुस्करले आणि आधी साखर बघायच्या नळीवर रसाचा थेंब टाकला. सॉव्हिन्यॉनची साखर शेनिनपेक्षा कितीतरी जास्त भरली. भाऊजी ताठ बसले. मामांनी माझ्याकडं बघून मान हलवली, जाऊ दे म्हणतात तशी.

मग मॅडमनी पेटीतून काचेची दोन भांडी काढली. प्रत्येकात सारखाच थोडा रस मोजून घेतला आणि आम्हाला सांगितलं की आता यात एक औषध थेंब थेंब सोडायचं. रसातला आंबटपणा संपला की रस गुलाबी होतो. जितका आंबट रस, तितका रंग यायला उशीर. एवढं सोपं होतं ते. कोणी काही समजावून सांगायची गरज राहिली नाही. मामा खाटेवरून उठून अगदी जवळ येऊन उभे राहिले.

आधी सॉव्हिन्यॉन. थेंब पडायला लागले. थोडेच पडले असतील, तोच रस गुलाबी झाला आणि गुलाबीच राहिला. मॅडमनी भांडं बाजूला ठेवलं.

मग माझी शेनिन. थेंब पडायला लागले. जिथं थेंब पडायचा तिथं गुलाबी ठिपका दिसायचा आणि हलवलं की नाहीसा व्हायचा. सॉव्हिन्यॉनला जितके लागले तितके पडून गेले. रंग नाही. भाऊजी ओठांतल्या ओठांत मोजत होते, ते मोजायचे थांबले. मॅडमनी औषधाची नळी पुन्हा भरून घेतली. आणखी थेंब. मी पदराचं टोक कधी दातात धरलं मला कळलं नाही. गाडीचा ड्रायव्हरसुद्धा येऊन वाकून बघायला लागला. रस आपला पांढरट तो पांढरटच. मला त्या रसाचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. एवढ्या उन्हात, एवढ्या उशिरा, माझ्या द्राक्षानं आपला आंबटपणा सोडला नव्हता. शेवटी एकदाचा तो गुलाबी झाला, आणि मॅडम हसल्या.

सॉव्हिन्यॉनकडं बोट दाखवून त्या म्हणाल्या, "ही मला दोन आठवड्यांपूर्वी हवी होती." मग शेनिनकडं बघून म्हणाल्या, "हिच्यासाठी मी उद्याही आले असते तरी चाललं असतं."

भाऊजी लगेच हरणारे नव्हते. ते म्हणाले की गाडी वेळेवर आली असती तर त्यांचीच जात वरचढ ठरली असती. मॅडमनी ते कबूल केलं. मीही केलं, कारण ते खरंच होतं. पहिल्या दिवशीची ती चव मी अजून विसरलेली नाही.

"पन भाऊजी," मी म्हटलं, "आपल्याकडं येळेवर काय येतंय? बस येती का? लाईट येती का? रेल्वे म्हाताऱ्यांच्या लहानपनापास्नं येनार हाय. आपल्याला थांबनारंच द्राक्ष पायजे."

ड्रायव्हर खो खो हसला. भाऊजींनाही हसू आवरलं नाही. मामा हसले नाहीत. त्या दोन भांड्यांकडं बघत ते म्हणाले, "ही पैल्या दिशी जीपमधी ह्येच म्हनत हुती."

माझे पाय त्या दिवशी जमिनीवर नव्हते. क्रेट भरताना मी बायकांबरोबर गाणी म्हटली, ड्रायव्हरला दोनदा जेवायला वाढलं, आणि शनिवारी नवरा आल्यावर त्याला सगळी हकिकत थेंबाथेंबानं ऐकवली. तो म्हणाला, तुझं बरोबर होतं. यावेळी त्यानं एकाच बाजूला बरोबर म्हटलं.

पण खरं सांगू, मला धास्ती होती. जिंकणं वेगळं आणि हातात येणं वेगळं. मामा शब्दाचे पक्के, तरी इतक्या वर्षांची सवय. एप्रिलमध्ये वरची सोनाका खोडापासून कापली, तेव्हा माणसांना मामांनीच बोलावलं, मामांनीच सांगितलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. नवी फूट आली, पाणीही भाऊजीच सोडत राहिले. मी तोंडानं फटकळ, पण हे मागून घ्यायचं माझ्या जिवावर आलं. जे दिलंय म्हणतात ते मागायला लागावं, याचं मला फार वाईट वाटायचं.

पावसाळा सरत आला तेव्हा कलम भरणारी टोळी आली. नव्या फुटीवर आपल्या जातीची काडी बसवून पट्टीनं बांधणारी माणसं. पाच-सहा जण, कमरेला चाकू. सगळे ओट्यापुढं उभे राहिले. मामा ओट्यावर बसले होते, भाऊजी शेजारी, आणि मी चहाचे कप घेऊन दारात. टोळीचा म्होरक्या आमच्याकडं बऱ्याच वर्षांपासून येणारा. त्यानं सवयीनं मामांना हात जोडले आणि विचारलं, "आण्णा, काडी कुठल्या ओळीतनं कापायची? आन् वरच्या रानात समदी एकच भरायची का?"

मामांनी तंबाखू मळायची थांबवली. भाऊजी काही तरी बोलणार होते. मामांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मला काय इचारता?" मामा म्हणाले. "रान हिचं हाय. हिला इचारा."

सगळी टोळी माझ्याकडं वळली. दोन वर्षं मी या उत्तराची वाट बघत होते, आणि ऐन वेळी माझ्या हातात चहाचा ट्रे होता.  भाऊजी उठले आणि त्यांनी माझ्या हातातून ट्रे काढून घेतला.

"शेनिन," मी म्हटलं. "मधल्या दोन ओळींतल्या काड्या घ्या, त्या पक्क्या हाईत. समदीकडं तीच भरायची. कडंची सॉव्हिन्यॉन तेवढी ऱ्हाऊ द्या, ती मला आवडती." मग वाटलं की हे असं ओट्यावरून सांगायचं काम नाही. मी पदर खोचला, चपला घातल्या आणि वरच्या रानाकडं निघाले. माझ्या मागं टोळी, टोळीच्या मागं काड्यांसाठी ओलं पोतं घेतलेले भाऊजी, आणि सगळ्यांच्या मागं, कोणी बोलावलं नसताना, मामा.